झोटवाड्यातली लख्ख भांडी

मेतकुटाची पुडी अजमेरच्या आसपास फुटली आणि जयपूर स्टेशनावर मी पिवळी होऊनच उतरले. आरती घ्यायला आली होती. "मतलब, हे माझ्यासाठी आणलंस की स्वतःला लावायला?" म्हणत ती मनसोक्त हसली. तिचं मराठी असंच, हिंदीच्या काठीने चालणारं. आमचे वडील एकाच विमा कंपनीत, बदली होऊन इथे आलेले. शाळा संपली तसे आम्ही पुण्याला परतलो. ती इथेच राहिली, वकील झाली.

आधी विद्याधर नगरातलं आमचं जुनं घर पाहिलं. वर दोन मजले चढलेत, दारातला कडुनिंब मात्र तोच. त्याच्या सावलीत उभं राहून प्याज कचोरी (कांद्याचं तिखट सारण भरलेली) खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं. सगळा दोष कचोरीचा नव्हता.

दुपारी आरती मला झोटवाड्याला घेऊन गेली. तिथल्या एका गल्लीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी भट्टी आहे. गल्लीतल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडलंय. मुलं चिडचिडी होतात, शिकवलेलं डोक्यात राहत नाही. भट्टी हटवा, मुलांवर उपचार करा, म्हणून आरती कोर्टात जाणार होती. पण अर्जदार म्हणून कोणी नाव देईना. शेवटी कमला नावाची एक आई तयार झाली होती. तिची पिंकी काल गिरवलेलं अक्षर आज विसरायची.

कमलाचं घर एका खोलीचं, पण फळीवरची भांडी आरशासारखी लख्ख. मला आई आठवली. इथे आल्यावर तिनेही शेजारणींकडून कोरड्या राखेने भांडी घासायला शिकून घेतलं होतं. मी कौतुकाने विचारलं, "राख से माँजती हो?"

कमला खुलली. "और क्या, बहनजी. भट्टी की राख है. चूल्हे की राख में या चमक कोनी (ही चमक नाही)."

आरतीने हातातला चहा खाली ठेवला. तिने विचारून घेतलं. गल्लीभर हीच राख, भट्टीवाला आनंदाने देतो. म्हणजे जिचं घर जास्त टापटीप, तिच्याच पोरांच्या ताटात जास्त विष.

आरतीने कमलाला सगळं समजावलं. वर म्हणाली, "कोर्ट में वो लोग बोलेंगे कि माँ ने ही ज़हर खिलाया. आपको सुनना पड़ेगा. नाम नहीं देना हो तो मना कर दीजिए."

मला आरतीचा रागच आला. हातातोंडाशी आलेला घास असा घालवायचा?

कमला उठली. तिने फळीवरची सगळी भांडी बाहेरच्या नळाखाली नेली आणि धुवायला बसली. पिंकी मदतीला गेली तर तिला दूर बसवलं. परात उपडी घालून ती हात पुसत आत आली.

"नाम लिखो, वकीलजी. पूछेंगे तो बोलूँगी, हाँ, मैंने खिलाया. मुझे ठा कोनी था (ठाऊक नव्हतं). भट्टीवाले को तो ठा था. अपने टाबर (मुलं) उसने कभी इस गली में नहीं आने दिए."

दोन दिवसांनी परतीच्या गाडीत बसले. गाडी शहराबाहेर पडताना झोटवाड्याच्या बाजूला धुराचा पट्टा दिसला. लहानपणी सुट्टीहून येताना तो दिसला की बाबा म्हणायचे, "उठा, घर आलं," आणि आम्ही बाकाखाली चपला शोधायला लागायचो. पुण्यात इतकी वर्षं जयपूर म्हटलं की मला तो धूर आठवायचा, आणि प्रेमानेच आठवायचा. तेव्हाही त्याच्याखाली आमच्याच वयाची मुलं होती. धडा पाठ होत नाही म्हणून ती मास्तरांचा मार खात होती.