तीन बोटं

खर्रा काय असतो, हे आमच्या यवतमाळात कोणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते: सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात आणि खाणारा तो दिवसभर गालात धरून बसतो. मी बावीस वर्षं धरला. मी राळेगावच्या शाळेत शिक्षिका. तंबाखूमुक्तीची शपथ पोरांना मीच देते, आणि कोणाजवळ पुडी सापडली तर त्याच्या बापालाही सोडत नाही.

दातांच्या डॉक्टरनं सांगितलं, खर्ऱ्यानं तोंड उघडणं कमी होत जातं; उघड्या तोंडात तीन बोटं उभी जायला पाहिजेत. माझी अडीच जात होती. त्या दिवशी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून मी खर्रा सोडला.

लेक स्पर्धा परीक्षेसाठी तत्त्वज्ञान वाचते. एकदा जेवताना म्हणाली, जुन्या ग्रीकांकडे एक शब्द होता, अक्रासिया. चांगलं काय ते माणसाला कळतं, तसं वागायचं तो ठरवतोही, आणि उघड्या डोळ्यांनी उलटं करतो. त्यांच्यातला एक शहाणा म्हणायचा, असं होऊच शकत नाही. ज्याला खरंच कळलं तो चुकणारच नाही.

"त्याले म्हणावं, राळेगावच्या स्टँडवर ये एक दिवस," मी फणकारले. ती हसली. तिला वाटलं, मी जुन्या दिवसांबद्दल बोलतेय.

खरं म्हणजे अकरा दिवस पाळून त्या जेवणाच्या चार दिवस आधीच मी परत सुरू केला होता. एसटीला उशीर होता, एवढंच निमित्त. पानठेल्यापर्यंतची वीस पावलं मी पूर्ण शुद्धीत चालले. डॉक्टर आठवला, लेकीच्या डोक्यावरचा हात आठवला. तरी म्हटलं, "एक दे, सुपारी बारीक." स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशीही मी गेले.

दर रविवारी लेक माझं तोंड मोजते. परवा दोनच बोटं गेली. ती रागावली असती तर मी भांडले असते, भांडता येतं मला. ती खाली बसून रडायला लागली.

"तू तं सोडला ना आई, मंग कायले बंद होऊन राह्यलं?"

डॉक्टरला फोनही तिनंच केला. "खात नाही हो ती, दोन महिने झाले." सोडूनही वाढतंय म्हटल्यावर तो म्हणाला, गालाचा तुकडा काढून तपासावा लागेल. पुडी माझ्या पर्समध्ये होती, पर्स दारामागच्या खुंटीला, तिच्या हाताशी. मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते पाठ होतं.

"तारीख कोणती देली?" मी विचारलं.