उच्चार अशुद्ध

माणसानं माफ करावं, झालं गेलं विसरून जावं, असं सगळेच सांगतात. सांगणाऱ्याचं काही गेलेलं नसतं. मला माफ करणं जमत नाही आणि ते शिकायची हौसही नाही. आयुष्यात एकाच माणसाचा मी मनापासून वचपा काढला, आणि तो कसा काढला हे सांगताना मला आजही गोड लागतं.

तो माझा सर. बुलढाण्याला झेरॉक्सच्या दुकानावरच्या हॉलमध्ये फक्त मुलींसाठी कोडिंगचा बूटकॅम्प निघाला होता, तिथं तो शिकवायला होता. तीन महिन्यांत सॉफ्टवेअर इंजिनिअर करतो, असे फ्लेक्स पार मेहकरच्या बसस्टँडपर्यंत लागले होते. मी बी.एस्सी. होऊन डोणगावला घरी बसले होते, आणि घरी बसलेल्या मुलीला आमच्याकडे स्थळं नीट बसू देत नाहीत. वडील एसटीत कंडक्टर, शेत पहिल्यापासून आई बघते. आई म्हणाली, "जाय, शिकून घे. लगन काय, ते कवाबी होते." मी बॅग भरली.

सर पुण्याचा आहे, असं सगळ्या म्हणायच्या. तोही तसाच वागायचा. पांढरा शर्ट, बाह्या दोनदा दुमडलेल्या, आणि बोलणं रेडिओवरच्या बातम्यांसारखं. दुसऱ्याच दिवशी त्यानं लूप शिकवला. माझ्या डोक्यात काही शिरेना, म्हणून मी उभी राहून म्हणाले, "सर, मले हा लूप समजून नाही राह्यला."

त्यानं हातातला मार्कर खाली ठेवला. "काय नाही राह्यला?"

सगळा हॉल हसला. हसणाऱ्या मुली चिखलीच्या, मोताळ्याच्या, लोणारच्या. घरी एकूणएक मलेच म्हणायच्या, पण त्या दिवशी त्या सगळ्या पुण्याच्या झाल्या होत्या. सर म्हणाला, "ह्या भाषेत कोणी नोकरी देणार नाही. लूप म्हणजे काय, सांगू? 'मला' म्हणत राहा. मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

मी म्हणत राहिले. मला, मला, मला. तो फळ्यावर पुढचं लिहीत होता, मुली उतरवून घेत होत्या आणि मी त्यांच्या मधोमध उभी राहून मला मला करत होते. तो थांब म्हणायलाच विसरला. शेवटी चहाची सुट्टी झाली, तेव्हा मी आपोआप थांबले. लूप मला असा समजला, आणि तो अजून माझ्याइतका कोणालाच समजलेला नाही.

त्याच सुट्टीत मी डोळे पुसायला खाली उतरले, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. सर टपरीवर चहा घेत उभा होता. म्हातारा चहावाला त्याला निरखून म्हणाला, "तुम्ही रोहिणखेडचे ना हो? तुमच्या मायले वयखतो मी." सर कप तसाच ठेवत म्हणाला, "नाही, माणूस चुकलात. मी पुण्याचा." पण रोहिणखेड आमच्याच जिल्ह्यातलं, आणि त्याचे कान लाल झाले होते. आपल्याच आईला ओळखीची नाही म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मी डोळे पुसून वर जाऊन जागेवर बसले. ताकास तूर लागू द्यायची नाही, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

पुढं मी वर्गात सगळ्यांच्या आधी प्रोग्रॅम सोडवायला लागले. रागानं माणूस अभ्यास फार चांगला करतो. तरी शेवटी कंपन्यांना नावं पाठवायची वेळ आली, तेव्हा त्यानं माझं नाव टेस्टिंगमध्ये टाकलं. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं. मी विचारलं, "मला लिहिता येतं, तर मी लिहायचं का नाही?" तो हसून म्हणाला, "तुझी भाषा सुधारलीय, पण अजून पॉलिश नाही. शिवाय बायकांना निवडणं-टिपणं जमतं. तांदळातले खडे काढतेस तशा चुका काढ."

ठीक आहे, म्हटलं. खडे तर खडे.

मला पुण्याच्या एका कंपनीत काम मिळालं आणि पुढं घरूनच काम सुरू झालं, तशी मी डोणगावला परत आले. आमच्या धंद्यात सापडलेल्या चुकीची नोंद करतात, तिला तिकीट म्हणतात. वडील म्हणायचे, घराण्याचा धंदा चालवते पोरगी. तिकीट ज्याची चूक त्याच्या नावावर जातं. त्यानं दुरुस्ती केली की तो ते बंद करतो, आणि मला पटलं नाही तर मी पुन्हा उघडते. ह्या पुन्हा उघडण्याची मला चटकच लागली. माझं नाव दिसलं की कंपनीतले भलेभले आपलं लिहिलेलं पुन्हा तपासायला घ्यायचे.

अशात बूटकॅम्प बंद पडला आणि सर आमच्याच कंपनीत दाखल झाला. देव कधीकधी ताट वाढून पुढ्यात आणून ठेवतो. कंपनी शेतकऱ्यांसाठी एक बोलतं ॲप करत होती, त्याचा तो प्रमुख. आपण फोनशी बोलायचं, की भाव कळणार आणि माल विकायची नोंदणी होणार. येत्या हंगामापासून खरेदी केंद्रावर नंबर लावायचा तर ह्याच ॲपवरून, असं ठरलं होतं. चुका बघायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या मीटिंगमध्ये त्यानं मला ओळखलंच नाही. उलट कौतुक केलं. "मराठी फार स्वच्छ आहे तुमची. पुण्याच्या का?" मी म्हणाले, "डोणगाव, तालुका मेहकर. तुमचीच विद्यार्थिनी." पडद्यावर त्याचा चेहरा क्षणभर अडकला. नेटवर्कमुळे नव्हे.

ॲपचा खडा मला सापडला तो आईमुळे. ती एकदा ओट्यावर शेंगा सोलत होती आणि फोन शेजारी होता. तिनं सहज त्याला विचारलं, "मले सोयाबीनचा भाव सांग बरं." ॲपनं 'मले'चं 'मळे' ऐकलं आणि फळबाग योजनेचं पान उघडलं. आई पुन्हा म्हणाली, "मले सोयाबीन इकाची हाये." पुन्हा फळबाग. "ह्याले काय संत्र्याचं येड लागलं का?" असं म्हणून तिनं फोन पालथा घातला. सातबारा तिच्या नावावर, माल तिचा, आणि उद्या नंबर लावायला तिनं कोणाच्या तरी पोराच्या हातापाया पडायचं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांचं हेच होणार होतं.

मी तिकीट टाकलं. सरनं दुसऱ्या दिवशी ते बंद केलं आणि शेरा मारला, 'वापरकर्त्याचा उच्चार अशुद्ध.' मी उघडलं. त्यानं बंद केलं. मी आईचा आवाज नोंदवून जोडला, तर त्यानं लिहिलं की रेकॉर्डिंग खराब आहे, आम्ही गावोगाव माणसं पाठवून आवाज गोळा केलेत, त्यात ही अडचण एकदाही आली नाही. मी पुन्हा उघडलं. तेव्हा मॅनेजर बाईंनी मीटिंग लावली. त्या चेन्नईकडच्या, मराठी येत नाही, हिंदीवर काम चालवायच्या. ॲप त्या आठवड्यात बाहेर पडणार होतं. त्या म्हणाल्या, आज समोरासमोर दाखवा. चूक दिसली तर थांबू, नाही तर हा विषय संपला.

मी आईला बोलावलं. ती पदर नीट करून माझ्या शेजारी बसली. पडद्यावर कंपनीची बरीच माणसं बघून तिनं सगळ्यांना हात जोडले. मी फोन तिच्यासमोर धरला आणि हळूच सांगितलं, भाव विचार. आईनं घसा साफ केला आणि म्हणाली, "नमस्कार. मला सोयाबीनचे आजचे भाव सांगा."

ॲपनं लगेच भाव सांगितले.

माझा पुरावाच गेला. आणि त्याच क्षणी सरच्या गावोगावच्या आवाजांचं गूढही उकललं. आमच्याकडे साहेबाशी बोलायचं म्हटलं की माणूस आधी तोंड धुतल्यासारखी भाषा धुऊन घेतो. समोर कोणी माईक धरला की म्हाताऱ्याकोताऱ्याही 'मला' म्हणतात. एकटं असताना, घाईत असताना, शेतातून ओरडून विचारताना तोंडात 'मले'च असतं, पण ते कोणी नोंदवलेलंच नव्हतं.

"बघा," सर मॅनेजर बाईंना म्हणाला, "माँजी साफ बोल रही हैं, ॲप साफ समझ रहा है." आणि माझ्याकडे बघून हसला. तेच हसू, तांदळातल्या खड्यांचं. त्या हसण्यानं माझं डोकं ठिकाणावर आलं.

मी ॲप चालूच ठेवलं आणि आईला म्हणाले, "आई, हेच ते सर. बुलढाण्याचे."

आईला सगळं ठाऊक होतं. लूपचं, तांदळाचं आणि चहावाल्याचंही. तिनं पडद्याकडे एकदा नीट बघितलं. पदर खांद्यावरून घसरला, तो तिनं तसाच राहू दिला.

"तूच का बे तो? माह्या पोट्टीले दिसभर मला-मला कराले लावणारा? घरी आली तं माह्यासंगं पाव्हन्यावानी बोलाले लागली. मले वाटलं, कोन्या सायबाची बाईच घरात घुसली. अन् मंग तिले तांदूय निवडाले बसवलं तुनं? तुही माय कोठची हाये रे? तिले इचारजो एक डाव, मले म्हनलं का जीभ झडते का मानसाची?"

ॲपनं एवढ्यातून 'तांदूय' हा एकच शब्द उचलला आणि भाताच्या सुधारित जातींचं पान उघडलं. आमच्या जिल्ह्यात भात कोण पेरतं, देव जाणे.

मॅनेजर बाईंनी विचारलं, "माताजी क्या बोलीं? ॲप ने कुछ और ही खोल दिया. कोई बताएगा?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अगदी नम्रपणे म्हणाले, "सर बताएँगे. उनको हमारी तरफ की बोली आती है."

सर म्हणाला, पूर्ण समजलं नाही. मी म्हणाले, "मग चूक ॲपचीच आहे ना सर? माणसाला समजत नाही ते ॲपला कुठून समजणार?" समजलं म्हणावं तर भाषांतर करायचं, नाही म्हणावं तर तिकीट मान्य. दोन्हीकडून मीच. तो पाणी प्यायला आणि भाषांतर करायला लागला. हळूहळू, एकेक वाक्य. की मी ह्यांच्या मुलीला वर्गात उभं करून एकच शब्द म्हणायला लावला. की मुलगी घरी जाऊन परक्यासारखी बोलायला लागली. की मी तिला निवडण्या-टिपण्याच्या कामावर बसवलं. आपल्याच तोंडानं आपली कर्मं हिंदीत सांगणारा माणूस मी चवीनं बघत होते. खोटं कशाला बोलू, असं सुख मला पहिल्या पगारालाही झालं नव्हतं.

तो थांबला. मी म्हणाले, "सर, एक वाक्य राहिलं."

त्यानं मान खाली घातली. "पूछ रही हैं, मेरी माँ कहाँ की है."

मॅनेजर बाईंना आतलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी साधेपणानं विचारलं, "कहाँ की हैं?"

त्यानं दुमडलेली बाही सोडली, पुन्हा दुमडली. मग तो म्हणाला, "रोहिणखेड." कान तसेच लाल.

ॲप थांबलं. गावोगावचे आवाज पुन्हा गोळा करायचं ठरलं, ह्या खेपेला माईक न दाखवता, लोक आपापल्या कामात असताना, त्यांना आधी विचारून. ते काम सरच्याच गळ्यात पडलं. मीटिंग संपताना तो आईला हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, चुकलं माह्यं." आई तिथंच विरघळली. "जेवला का रे?" असं विचारून मोकळी झाली. तिनं माफ केलं, तो तिचा प्रश्न. मी कॅमेरा बंद केला.

आई शेंगांकडे परत गेली. थोड्या वेळानं तिथूनच तिनं विचारलं, "काऊन वं, तुले बोलता येत नव्हतं का त्याले? मलेच काऊन पुढं केलं?"

मी तिला काहीतरी सांगून टाळलं. मीटिंगच्या आदल्या दिवशी मी दार लावून तासन्‌तास त्या ॲपसमोर बसले होते. सरला माझ्याच तोंडानं झोडपायचं, असं ठरवलं होतं. आठवतील तेवढ्या शिव्या घातल्या, मले म्हटलं, तुले म्हटलं, काऊन बे म्हटलं. जोर लावून म्हटलं की नाटकातल्यासारखं यायचं, आणि खरा राग आला की तोंडातून 'मला'च बाहेर पडायचं. ॲपला माझी रागातली एकेक शिवी नीट समजली आणि त्यानं ती शुद्ध मराठीत लिहून दाखवली.