माधवनगरच्या आजीचा पाय

तीस वर्षं नर्सिंग केलं, त्यामुळं हुकूम सोडणं माझ्या अंगातच मुरलंय. आमचे हे म्हणतात, हिच्यापुढं पेशंट कण्हायलाही घाबरायचा. म्हणू देत.

निवृत्त झाल्यावर दर बुधवारी, आणि रविवारी चर्चमधली उपासना संपली की, आम्ही दोघं स्कूटरवरून सांगलीहून माधवनगरला जायचो. तिथं बंद गिरणीमागच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत एक आजी एकटी राहते. शुगरमुळं तिच्या डाव्या पायाची जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ड्रेसिंगमध्ये खंड पडला तर पाय कापावा लागेल. पाय गेला तर या बाईला पाण्याची घागर कोण आणून देणार? प्रभूच्या नावानं करायचं तर नीट करायचं, हा माझा बाणा. आणि वर एक नियम. गरिबाच्या घरी चहाचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. त्यांच्या तोंडचा घास कशाला काढायचा? या नियमाचा मला काय अभिमान होता म्हणून सांगू!

एका रविवारी मी कापूस काढला, तर आजीनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

"आज न्हाई."

"का? दुखतंय का?"

"तुमी आमच्यात पानी बी पीत न्हाई. मी काय तुमच्या दारात हात पसरलाय व्हय?"

माझं डोकंच फिरलं. "पाय तुमचा आहे आजी, माझा नाही!" असं फाडकन बोलून मी निघाले. बुधवारीही गेले नाही. बसू दे म्हटलं अडून. घरात भांडी आपटत होते. शेवटी गुरुवारी हे म्हणाले, "तुला द्यायला फार आवडतं, घ्यायला नको. बायबलात प्रभूनं विहिरीवरच्या त्या परजातीच्या बाईकडं आधी पाणी मागितलं होतं. बाकीचं बोलणं नंतर." मी हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं. आमच्या संसारात असं क्वचितच घडतं.

रविवारी मी दारातूनच म्हटलं, "आजी, लय भूक लागलीय."

ती उठली. लंगडत चुलीपाशी गेली, भाकरी थापली, ताटलीत वांग्याचं कालवण वाढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. मी सवयीनं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. त्या दिवशी देवाला सांगण्यासारखं माझ्याकडं बरंच होतं, त्यामुळं ती जरा लांबली. आमेन म्हणून डोळे उघडले तर ताटली गायब!

आजीनं ती स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली होती. तिचे डोळे भरले होते. "किळस येत असंल तर डोळं मिटून गिळू नगा, बाई."

हे खो खो हसत सुटले. मी मात्र मेल्याहून मेल्यासारखी झाले. "अहो आजी, किळस कसली? जेवायच्या आधी आम्ही देवाचे आभार मानतो!"

"मग बघून माना की. देवाला उगडं डोळं चालत न्हाईत व्हय?"

मग मी बघून आभार मानले. भाकरीकडं बघत आणि तिच्या तोंडाकडं बघत. आयुष्यभर ताटावर प्रार्थना केली, पण इतकी मनापासून कधी केली नव्हती, खरंच सांगते. जेवण झालं, मी हात धुतले, तेव्हा तिनं आपणहून पाय पुढं केला.

मी पट्टी सोडली. करंगळी काळी पडली होती. तिला तसंच रिक्षात घालून आम्ही हॉस्पिटलात नेलं. पाय वाचला, पण करंगळी काढावी लागली.

ऑपरेशननंतर मी तिच्या उशाशी बसून रडले. "आजी, मी रागानं बुधवारी आले नाही, म्हणून तुमचं बोट गेलं. चूक माझी आहे."

तिनं माझ्याकडं मान वळवली. "व्हय, तुमचीच हाय," ती म्हणाली. मग सलाईन नसलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "ऱ्हाऊ द्या आता. नऊ हायती की अजून. घरी गेल्यावर आइतवारी येशिला, तवा जेवून येऊ नगा."