सगळ्यात वाईट गवंडी

पाडांग शहरातल्या विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवणाऱ्या युस्निमारबाईंची संशोधनाची पहिली तीन वर्षं वाया गेली, कारण त्यांच्या भिंती पडेनात. प्रयोगशाळेत भूकंपासारखे हादरे देणारा लोखंडी चौथरा होता. त्यावर विटांची खोली बांधायची, चौथरा हलवायचा आणि भिंत कुठून फुटते ते टिपायचं, असं काम. पण विद्यापीठाचा गवंडी इतका नेटका, की त्याच्या खोलीला चार तडे जायचे आणि ती ढिम्म उभी राहायची. सहकारी म्हणायचे, "आपली घरं मजबूतच आहेत, बाई. उगाच कशाला डोकं शिणवता?"

बाईंना ते पटत नव्हतं. मोठ्या भूकंपानंतर त्या पारियामानकडच्या गावांतून महिनाभर हिंडल्या होत्या. पडलेल्या भिंतीतला माल चिमटीत धरला तर नुसती वाळू गळायची, सिमेंटचा पत्ता नसायचा. त्यांचा उपाय साधा होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी पट्ट्यांसारखी भिंतीच्या दोन्ही अंगांना ठोकायची आणि वरून गिलावा करायचा. पण तो पारखायचा तर लोक बांधतात तशीच भिंत हवी होती.

शेवटी त्या पारियामानच्या बाजारात गेल्या आणि चहाच्या दुकानात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "इकडचा सगळ्यात वाईट गवंडी कोण?"

दुकानात हशा पिकला. सगळ्यांनी एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे जुल्बाहरी डोमिनो खेळत बसला होता. साठीला टेकलेला, अंगानं काटकुळा. गाव त्याला माक, म्हणजे मामा, म्हणायचं.

"वाईट नाही, स्वस्त," हातातल्या सोंगट्यांवरची नजर न काढता तो म्हणाला. "लोकांना स्वस्त हवं असतं. मग बोलणीही ऐकवतात. तीही ऐकून घेतो."

"माक, मला तुमच्याकडून एक खोली बांधून घ्यायचीय. रोज बांधता तशीच. जराही चांगली नको."

आता त्यानं मान वर केली. "चेष्टा करायला एवढ्या लांब आलात, बाई?"

"मजुरी पुरेपूर देईन. फक्त मी बघतेय म्हणून सिमेंट वाढवायचं नाही."

तो आला. पण प्रयोगशाळेतली यंत्रं आणि हेल्मेट घातलेली पोरं बघून बिचकला आणि पहिल्या थरापासूनच भिंत सरळ येतेय का ते बघायला ओळंबा लावायला लागला. बाईंनी विचारलं, "गावात लावता?"

"पाहुणे येणार असले तर."

"मग द्या इकडे." बाईंनी ओळंबा काढून घेतला.

महिन्याभरात खोली वाळली. चौथरा सुरू झाला आणि सातव्या सेकंदाला चारही भिंती खाली बसल्या. पोरांनी टाळ्या पिटल्या; बाईंनाही हसू आवरेना. तीन वर्षांनी भिंत पडली होती! मग त्यांचं जुल्बाहरीकडे लक्ष गेलं. तो धुळीत उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. प्रार्थना करत असेल, असं वाटून त्या जवळ गेल्या. तो मोजत होता.

"एकेचाळीस," तो म्हणाला. "भूकंपानंतर एकेचाळीस घरं बांधलीत मी. त्यातलं एक बहिणीचं."

बाईंनी माणूस आणला होता आकड्यांसाठी. त्याला इथे काय दिसेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता. त्या म्हणाल्या, "उद्या दुसरी खोली घ्या. अशीच. तिला आपण जाळी लावू."

"अशीच वाईट?"

"अगदी अशीच."

दुसरी खोली करकरली, तिच्या गिलाव्याचे पोपडे उडाले, विटा आतल्या आत सरकल्या. पण पुरा एक मिनिट हादरे खाऊन ती उभी राहिली. यंत्र थांबताच जुल्बाहरी कुणाला न विचारता आत शिरला. चारही भिंतींना खांद्यानं रेटून बाहेर आला आणि म्हणाला, "ही जाळी मिळते कुठे?"

पहिली जाळी बहिणीच्या घराला लागली. "बांधताना झोपला होतास का रे?" असं ती सबंध आठवडा ऐकवत होती, आणि रोज जेवायलाही घालत होती. मग तो एकेका दारी जाऊन सांगू लागला, "तुमचं घर मी वाईट बांधलंय." कुणी शिव्या घातल्या, कुणी दार लावून घेतलं. बाईंचे विद्यार्थी त्याच्याबरोबर जायचे आणि प्रत्येक भिंतीची मोजमापं आणायचे. त्याच मोजमापांवर बाईंचं संशोधन उभं राहिलं.

त्यानंतर पाचव्या वर्षी त्यांना उत्कृष्ट संशोधनाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. समारंभ विद्यापीठाच्याच सभागृहात होता. कुलगुरूंनी भाषण आधी वाचून घेतलं. "मंत्री येणार आहेत. 'वाईट गवंडी' बरं दिसत नाही," ते म्हणाले. बाईंनाही वाटलं, चारचौघांत कशाला माणसाचा पाणउतारा? म्हणून व्यासपीठावरून त्या म्हणाल्या, "हे काम स्थानिक कारागिरांच्या सहकार्यानं झालं."

तिसऱ्या रांगेत बाटिकचा नवा सदरा आणि काळी टोपी घातलेला जुल्बाहरी उठून उभा राहिला.

"बाई भिडस्त आहेत," तो मोठ्यानं म्हणाला. "त्यांनी अख्ख्या जिल्ह्यातला सगळ्यात वाईट गवंडी शोधून काढला. तो मी! एकेचाळिसातली अडतीस घरं जाळी लावून झाली. तिघं दार उघडत नाहीत. त्यांच्याकडे शुक्रवारी परत जाणार आहे."

मग मागच्या बाकांवरच्या पोरांनी टाळ्या सुरू केल्या. मंत्रीही हसत होते. बाईंनी हातातलं भाषण घडी करून पर्समध्ये टाकलं.

"माक, वर या," त्या म्हणाल्या. "पुढचं तुम्हीच सांगा. माझ्यापेक्षा तुमचं लोक ऐकतात."

तो वर गेला आणि वीस मिनिटं बोलला. खिळे किती अंतरावर मारायचे, हे त्यानं मंत्र्यांनाही दोनदा समजावलं.

नंतर जेवताना कुलगुरू आपली रेंदांगची ताटली घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसले.

"माक, गेल्याच वर्षी घर बांधलंय मी. जरा बघून जाल?"

"गवंडी कसा होता?"

कुलगुरू घुटमळले. "स्वस्त होता."

"मग आजच येतो," जुल्बाहरी म्हणाला.