शेवटच्या पानावरचं शुद्धिपत्र

आमचे बाबा एकतीस वर्षं एका विभागीय वैद्यकीय संशोधन त्रैमासिकाचे मुद्रितशोधक होते, म्हणजे छापण्याआधी कच्च्या पानांतल्या चुका काढणारे. डॉक्टर लोक त्यांना पाठीमागे 'स्वल्पविराम' म्हणत, कधीकधी तोंडावरही. बाबा हसायचे. मला त्या हसण्याची चीड यायची.

एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी हे त्रैमासिक काढलं तेव्हा ते आठ पानांचं होतं. आडगावच्या दवाखान्यांतले डॉक्टर पोस्टकार्डावर लिहून पाठवत: अमक्या विहिरीचं पाणी पिणारी बारा माणसं पिवळी पडली, तुमच्याकडे असं दिसलं का? पुढच्या अंकात कुणीतरी उत्तर द्यायचं. त्यातून माणसं वाचली, असं बाबा शपथेवर सांगत. मग म्हातारे डॉक्टर गेले आणि नियम आला की बढती हवी तर तीन लेख छापून आलेले हवेत. झालं! ज्यांनी जन्मात औषधाच्या चिठ्ठीपलीकडे काही लिहिलं नव्हतं, त्यांना संशोधनाची उबळ आली. आठाची दीडशे पानं झाली, कागद गुळगुळीत झाला, संपादक मंडळाचे चाळीस फोटो लागले. प्रमुख संपादक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते प्रत्येक भाषणात सांगायचे, "आपल्या त्रैमासिकाने बाळसं धरलंय." सूज आणि बाळसं यातला फरक डॉक्टरला कळू नये, म्हणजे कमाल आहे.

छापण्याआधी सगळे लेख वाचणारी माणसं दोनच, बाबा आणि आई. जेवणाच्या टेबलावर आई मूळ लेख मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस, सगळं उच्चारून. समोर बाबा कच्च्या पानावर पेन्सिल फिरवायचे. कोष्टकातली प्रत्येक बेरीज ते स्वतः करून बघत. एकदाच चुकले. सात वर्षांपूर्वी साहेबांच्याच लेखात, तापाच्या मुलांच्या कोष्टकात, एकशे एकवीसच्या जागी एकशे बारा छापलं गेलं. शेवटच्या पानावर शुद्धिपत्राचा चौकोन असायचा, तो बाबांचाच. पण साहेब म्हणाले, "माझ्या लेखाचं शुद्धिपत्र? राहू द्या हो, कोण वाचतंय!" बाबांना ते एकशे बारा तेव्हापासून सलत होतं.

बाबांच्या निवृत्तीआधीच्या शेवटच्या अंकासाठी साहेबांचा नवा लेख आला. विषय: दम्याच्या मुलांना एक औषध दुप्पट मात्रेत द्यावं. आई वाचत होती, "चौसष्ट, अडतीस, एकोणीस, एकूण एकशे बारा." ती थांबली. "अहो, हे आपलंच एकशे बारा ना?"

जुना अंक काढला. आकडे तेच, ओळी त्याच, फक्त तापाच्या जागी दमा. साहेबांनी जुनं कोष्टक उचललं होतं, तेही छापील अंकातून, बाबांच्या चुकीसकट. चोरी करतानासुद्धा बेरीज करायचे कष्ट नकोत!

दुसऱ्या दिवशी बाबा दोन्ही पानं घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी चष्माही लावला नाही. "बेरीज चुकली असेल तर दुरुस्त करा. त्यासाठीच तर ठेवलंय तुम्हाला. आणि हे बघा, या अंकात संपादक मंडळात तुमचं नाव टाकतोय. सहायक संपादक. घरी दाखवा."

एकतीस वर्षांत बाबांचं नाव त्या त्रैमासिकात एकदाही छापलं गेलं नव्हतं. घरी येऊन हे सांगताना त्यांचे डोळे चमकत होते, आणि मला त्यांची किळस आली. मी म्हणाले, "बाबा, आडगावचे डॉक्टर हे वाचून लहान मुलांना दुप्पट औषध पाजतील. तुम्ही नाव मिरवा."

बाबांनी मंडळाचं कच्चं पान पुढे ओढलं, स्वतःच्या नावावर पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात 'वगळा'ची खूण केली. एकशे बाराला त्यांनी हात लावला नाही. मग शुद्धिपत्राचा चौकोन लिहायला घेतला.

साहेबांनी शेवटच्या पानावर नेहमीसारखी न वाचता लफ्फेदार सही ठोकली. निरोपसमारंभात प्रत्येकाला अंक मिळाला, प्रत्येकाने स्वतःचा फोटो पाहिला आणि अंक मिटला. शेवटच्या पानावर होतं: "सात वर्षांपूर्वीच्या अंकात, पान एकेचाळीस, तापाच्या मुलांच्या कोष्टकात एकूण एकशे बारा नसून एकशे एकवीस असे वाचावे. तीच चूक या अंकात, पान नऊ, दम्याच्या मुलांच्या त्याच कोष्टकात आहे." खाली बाबांचं पूर्ण नाव.

महिनाभराने छापखान्याने एक पोस्टकार्ड घरी पाठवलं. कुठल्याशा लांबच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचं, बाबांच्या नावाने. बाबांनी चष्मा पुसला आणि ते आईला वाचायला दिलं. आई सवयीने सगळं उच्चारत वाचू लागली.

"शुद्धिपत्र वाचलं पूर्णविराम. दोन्ही अंक शेजारी ठेवून पाहिले पूर्णविराम. इथल्या दम्याच्या सहा मुलांची ती दुप्पट मात्रा आजपासून बंद केली आहे पूर्णविराम. बेरीज समजली स्वल्पविराम, पण ही एकशे एकवीस मुलं मुळात होती का प्रश्नचिन्ह."

आईने बाबांकडे पाहिलं. त्यांच्या हातात पेन्सिल होती. ती त्यांनी खाली ठेवली.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "यात एकही चूक नाही."