पडवीतले संदेष्टे आणि साळवे गुरुजी

दि. ३० नोव्हेंबर २०१४, रविवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. मी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनामंदिराच्या पडवीत उभा राहून फळ्यावरचा एक शब्द पुसत होतो. ‘संदेष्ट्यांचा वर्ग आजपासून’ अशी सूचना होती आणि पहिलाच शब्द चुकीचा लिहिला होता. मी तो नीट लिहिला आणि कोणी पाहिले नसेल अशी आशा करत खडू ठेवला. मागून आवाज आला, “आणखी कुठे चुकलंय?”

मी नाही म्हणालो. त्यावर ते गृहस्थ म्हणाले, “असेल तर सांग. मला मोतीबिंदू आहे, आणि शुद्धलेखन त्याच्याही आधीपासून कच्चं आहे. पुढच्या रविवारपासून फळा तू लिही.”

श्री. शांतवन साळवे गुरुजी यांच्याशी माझी ओळख अशी झाली. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. नववी नापास होऊन शाळा सोडली होती आणि मुरुडला एस.टी. स्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करत होतो. आजही तिथेच आहे. इतक्या कमी शिक्षणाच्या माणसाने गुरुजींच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहावे की नाही, हे मी संपादक मंडळाला दोनदा विचारले. दोन्ही वेळा लिहा असे उत्तर आले, म्हणून लिहितो आहे.

गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत चौतीस वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आमच्या चौदा घरांच्या मंडळीत हा वर्ग सुरू केला. वर्गाला वयाची अट नाही. माझ्या पहिल्या वर्षी सर्वांत लहान विद्यार्थिनी नऊ वर्षांची होती आणि सर्वांत मोठे विद्यार्थी बासष्ट वर्षांचे निवृत्त कंडक्टर होते. आम्ही त्यांना कंडक्टरकाका म्हणतो.

गुरुजींची शिकवण्याची पद्धत वेगळी आहे. इतर ठिकाणी बायबलच्या जुन्या करारातले वचन डावीकडे, नव्या करारातले उजवीकडे, मध्ये बाण, अशी यादी पाठ करून घेतात. गुरुजी प्रत्येकाला एक संदेष्टा वर्षभरासाठी सोपवतात. तो कोणत्या गावचा, राजा कोण होता, लोकांना कशाची भीती होती आणि बोलल्यावर त्याचे लोकांनी काय केले, हे सांगता आल्याशिवाय त्याच्या मशीहाविषयीच्या, म्हणजे देव पाठवणार असलेल्या तारणाऱ्याविषयीच्या, शब्दाला हात लावू देत नाहीत.

मला मिखा मिळाला. हा खेडेगावातला माणूस. शहरातल्या मोठ्या लोकांनी गरिबांची शेते गिळली म्हणून त्यांना तोंडावर बोलला. शत्रूचे सैन्य जवळ आले असताना, घाबरलेल्या लोकांना त्याने सांगितले की तुमचा राज्यकर्ता लहानशा बेथलेहेमातून येईल. हे किती विचित्र वाटले असेल ते समजावे म्हणून गुरुजींनी विचारले, मुंबईतून नाही, अलिबागमधूनही नाही, आपल्या ह्या चौदा घरांतून राजा येणार असे कोणी म्हटले तर? कंडक्टरकाका म्हणाले, “तर त्याला आधी तिकीट काढायला लावीन.”

हसून झाल्यावर गुरुजी जे बोलले ते मी वहीत लिहून ठेवले आहे. “मिखाला येशूचं नाव माहीत नव्हतं. त्याला देव माहीत होता आणि समोरची माणसं माहीत होती. तेवढ्यावर तो बोलला. नाव आपण ओळखलं, सातशे वर्षांनी.”

पुढच्या रविवारी त्यांनी पुठ्ठ्याचे तीन तुकडे आणले. एकावर लिहिले होते, दावीद राजाच्या गादीवर बसणारा राजा. दुसऱ्यावर, गाढवावर बसून येणारा नम्र राजा. तिसऱ्यावर, लोकांचे दुःख स्वतःवर घेणारा आणि मार खाऊनही गप्प राहणारा सेवक. ही तीन माणसे आहेत की एक, असा त्यांचा प्रश्न होता. वर्गात भांडण झाले. गुरुजींनी ते दोन रविवार चालू दिले. तिसऱ्या रविवारी ते म्हणाले की येशूचे शिष्यही येथेच अडले होते. त्यांना पहिला पुठ्ठा हवा होता आणि समोर तिसरा आला. हे तिन्ही एकाच ठिकाणी जुळतात, ही ख्रिस्ती माणसाची श्रद्धा आहे. श्रद्धा आहे म्हणून भांडण करू नये, असे नाही.

एका वर्षी त्यांनी रेवदंड्याहून आपले जुने शाळासोबती वर्गात आणले. ते बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले यहुदी. त्यांच्या घरी यशया संदेष्ट्याचे शब्द कसे वाचतात आणि ते मशीहाची वाट अजून का पाहतात, हे त्यांनी तासभर सांगितले. मंडळीतल्या काहींना ते रुचले नाही. गुरुजींनी त्यांना विचारले, ही शास्त्रे मुळात त्यांच्या घरची, आपण मागून वाचायला घेतली. मग घरच्या माणसाला विचारायला नको का?

२०२० च्या वादळात मंदिराचे पत्रे उडाले, तेव्हा ही शिक्षा आहे, संदेष्ट्यांनी सांगून ठेवले होते, असे एक जण म्हणाले. गुरुजी पत्रे गोळा करत होते. ते म्हणाले, “संदेष्ट्यांनी राजांना झापलं. पत्र्यांना नाही.”

आता मी माझ्या घरची हकिकत सांगतो. ती सांगायची परवानगी मी वडिलांकडून घेतली आहे.

माझे वडील विलास हे वाड्यांमध्ये माडावर चढून नारळ पाडण्याचे काम करत. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांना क्षयरोग असल्याचे सरकारी दवाखान्यात समजले. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या होत्या. तीन महिन्यांत त्यांचा खोकला कमी झाला, वजन थोडे वाढले. नोव्हेंबरमध्ये पनवेलकडून एक पाहुणे आले. ते स्वतःला संदेष्टा म्हणवत. आमच्या घरी प्रार्थनेला वीस-बावीस माणसे जमली होती. पाहुण्यांनी वडिलांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितले की देवाने मला दाखवले आहे, ईस्टरला तू माडावर असशील; गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास आहे. लोकांनी हालेलूया म्हटले. वडिलांनी गोळ्यांची पाकिटे माझ्या हातात दिली आणि खाडीत टाकायला सांगितली.

मी ती टाकली नाहीत. सायकलवरून गुरुजींकडे गेलो आणि त्यांच्या हातात दिली. औषध मध्येच सोडले तर रोग उलटतो आणि मग त्या गोळ्या लागू पडत नाहीत, हे दवाखान्यातल्या भिंतीवर लिहिलेले मी वाचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता गुरुजी आमच्या घरी आले. पाहुणे चहा पीत होते. गुरुजींनी त्यांना हात जोडले. मी भांडणाच्या भीतीने दारातच उभा होतो, पण गुरुजींचा आवाज वर्गातल्यासारखाच होता. त्यांनी विचारले की यिर्मया संदेष्ट्याने शहर पडेल असे सांगितले, तेव्हा तो स्वतः कुठे होता? पाहुणे म्हणाले, शहरातच. गुरुजी म्हणाले, “शहरातच. शब्द दिला आणि लोकांबरोबर उपाशी राहिला. तुम्हीही राहा. ईस्टरला साडेचार महिने आहेत. इथे खाट आहे, जेवण माझ्या घरून येईल.”

पाहुणे म्हणाले की त्यांच्या खोपोलीला आणि पेणला सभा ठरलेल्या आहेत. गुरुजी म्हणाले, “मग तुम्ही येईपर्यंत ह्याला गोळी घेऊ द्या.” पाहुण्यांनी चहा संपवून पिशवी उचलली. साडेनऊच्या एस.टी.ने ते गेले आणि पुन्हा आले नाहीत.

यावर वडील वळले असते, तर हकिकत इथे संपली असती. ते संतापले. पाहुण्याचा अपमान झाला असे त्यांचे म्हणणे होते. “गुरुजी, तुमचा विश्वास पुस्तकातला हाय. माणसाला बरं करायचा न्हाय.”

गुरुजी म्हणाले, “विलास, माझा विश्वास कमी असेल. पण मला कुठली एस.टी. पकडायची नाही.”

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी रोज सकाळी सातला यायचे, गोळ्या आणि पाण्याचा तांब्या पायरीवर ठेवायचे आणि शेजारी बसायचे. उपदेश करत नसत. आईशी माशांचे भाव बोलत, माझ्या वहीतली अक्षरे पाहत. आठ वाजता गोळ्या उचलून परत जात. वडील घरात पाठ करून बसलेले असत. असे अकरा दिवस गेले आणि खोकला वाढला. मी रोज तारखेवर खूण करत होतो आणि प्रत्येक खुणेबरोबर माझी झोप कमी होत होती.

बाराव्या दिवशी गुरुजींना स्वतःला ताप होता. ते शाल गुंडाळून आले आणि पायरीवर बसल्या बसल्या त्यांचे डोळे मिटले. वडिलांनी खिडकीतून दोनदा पाहिले. मग बाहेर येऊन हात पुढे केला. “द्या हिकडं. न्हायतर तुम्हीच मराल माझ्या दारात, आणि मंडळी मला धरंल.”

गोळी घेतली, पण राग गेला नाही. दवाखान्यातल्या बाईंनी चुकलेले दिवस मोजले, वडिलांना खूप बोलल्या, तपासणी केली आणि उपचार पुढे वाढवला. वडिलांनी मंडळीत येणे बंद केले. गुरुजींचे सातला येणे चालूच होते.

त्या वर्षीच्या नाताळच्या उपासनेचे सांगायला हवे. गुरुजींच्या वर्गातले विद्यार्थी त्या संध्याकाळी संदेष्टे होतात, पण आत येत नाहीत. आत बाळ येशूच्या गव्हाणीजवळ दिवे, गाणी आणि केक असतो. संदेष्टे बाहेर पडवीत उभे राहून एकेक करून दारातून आपला शब्द सांगतात आणि पडवीतच थांबतात. मुलांना हे आवडत नाही. पालकांनी दोनदा तक्रार केली, एकदा छायाचित्रासाठी तरी आत घ्या अशी विनंतीही झाली. गुरुजींनी मानले नाही. मात्र ते स्वतःही मुलांबरोबर बाहेरच थांबतात.

सहा वाजता वडील आले. आत गेले नाहीत. पडवीच्या टोकाला मफलर गुंडाळून उभे राहिले. यशया झालेल्या मुलीचा शब्द संपल्यावर ती आत डोकावत होती. वडिलांनी गुरुजींना हळू विचारले, “ह्यांना आत का घेत न्हाय?”

“त्यांनी पाहिलं नाही, विलास. सांगितलं, आणि वाट पाहत गेले.”

“मग त्यांना मिळालं काय?”

तेवढ्यात माझी पाळी आली आणि मी शब्द विसरलो. गुरुजींनी तो मला सांगितला. उपासना संपेपर्यंत वडील तिथेच उभे होते.

एक एप्रिलला ईस्टर झाला. वडील माडावर नव्हते. मंडळीत शेवटच्या बाकावर होते. गुरुजींनी त्या दिवशी पाहुण्यांचा विषय काढला नाही आणि त्यानंतरही कधी काढला नाही. जूनमध्ये दवाखान्याने रोग गेल्याचे सांगितले. फुफ्फुसाची एक बाजू अधू राहिली, म्हणून वडील आता माडावर चढत नाहीत. वाडीत बसून नारळ सोलतात. त्यांनी गुरुजींची माफी कधी मागितलेली मी ऐकलेली नाही. दोघे रविवारी एकाच बाकावर बसतात.

हा लेख लिहायला घेताना मी वडिलांना विचारले, तुमच्याकडून काय लिहू? ते नारळ सोलत होते. हातातला सोलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, “लिही, की ह्या माणसानं मला एकदा पन सांगितलं न्हाय, की तू बरा होशील. रोज आला, पन बोलला न्हाय.”

गुरुजी पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना आणखी किती वर्षे मिळतील हे मी लिहीत नाही. ते मला माहीत नाही आणि माहीत असल्यासारखे लिहिले तर त्यांना आवडणार नाही. त्यांचे गुडघे चालते राहोत, शस्त्रक्रिया झालेले डोळे वाचते राहोत, आणि आयुष्य दीर्घ व निरोगी असो, एवढे मी आणि माझे आईवडील रोज देवाजवळ मागतो. देव ते देईलच असे आम्ही म्हणत नाही. मागत राहू, आणि त्यांच्याजवळ राहू.