पियूचा हुंकार

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी शाळेतला क्लार्क... भूत समोर आलं तरी आधी आधार कार्डाची झेरॉक्स मागेन. बायको म्हणते, तुमची गोष्ट ऐकून ते भूतसुद्धा झोपेल! तरी हे लिहितोय.

माझी धाकटी बहीण सुमन सोलापूरजवळ होटगीला राहते. तिची पियू सात वर्षांची, माझ्या गोष्टींचं एकमेव गिऱ्हाईक. मी गोष्ट सांगायची आणि तिनं 'हं' म्हणायचं. 'हं' थांबलं की गोष्ट बंद, हा आमचा नियम.

गेल्या वर्षी तिला गालगुंड झालं. सूज उतरली, पण पोरगी हाकेला वळेना. आम्हाला वाटलं, रुसलीय. मग कानात मळ असेल म्हणून कोमट तेल घातलं... डॉक्टरांकडे नेईपर्यंत फार दिवस गेले होते. "यात बहुधा एखादा कान जातो. हिचे दोन्ही गेलेत. लगेच आणायला हवं होतं," ते म्हणाले. सुमन तिथंच फरशीवर बसली.

त्यानंतरची एक दुपार. पियू भिंतीकडे तोंड करून पडली होती, मी तिच्या पाठीशी. काय वाटलं कोण जाणे, मी गोष्ट सुरू केली. टेंभुर्णीच्या एसटीत चढलेल्या शेळीची, तिथल्या तिथं रचलेली.

"कंडक्टर म्हणाला, शेळीबाई, तिकीट?"

"हं."

माझ्या अंगावर काटा आला. पुढचं वाक्य हळू बोललो. पुन्हा — "हं."

"सुमे! पळत ये!"

सुमन पिठाच्या हातांनीच आली. हाका मारल्या, ताट बडवलं. पियू हलली नाही. शेवटी तिला खांद्याला धरून वळवली, तर हसून म्हणाली, "मामा, शेळीनं हाफ तिकीट काढलं का?"

"दादा, ऐकलं की रे हिनं!" सुमन रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी. रिपोर्ट पहिल्यासारखाच, दोन्ही कानांना काहीच ऐकू येत नाही. शेळीचं सांगितल्यावर डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचा पेशंट मीच!

"डॉक्टर काय बी म्हणू दे," सुमन म्हणाली. "तू दर रविवारी यायचं. तसंच मागं बसून सांगायचं."

मी जातो. सांगतो. सुमन दारात श्वास रोखून उभी असते. 'हं' पुन्हा आलेलं नाही. माझे ओठ तिला दिसत नव्हते, गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती... मग शेळी तिला कळली कशी? मला आजही उलगडा नाही.

परवाही असाच पाठीशी बसून सांगत होतो. गोष्ट अर्ध्यावर आली होती. पियू कूस बदलून वळली, मला बघून जवळ सरकली.

"मामा," ती म्हणाली, "तू हल्ली मला गोष्ट का सांगत नाहीस?"